इटलीत आठवीतच ठरणारी वाट

जानेवारी उजाडला की इटलीत तेरा वर्षांचं मूल असलेल्या प्रत्येक घरात एकच विषय असतो: सप्टेंबरपासून कुठली शाळा? आपल्याकडे दहावीचा निकाल लागतो, टक्के बघून सायन्स-कॉमर्स-आर्ट्स ठरतं, मग अकरावीच्या याद्या आणि कट-ऑफ. तिथे क्रमच उलटा आहे. शाखा आधी निवडायची, जानेवारी-फेब्रुवारीत. आठवीची परीक्षा त्यानंतर, जूनमध्ये. त्या परीक्षेत किती गुण पडले, हे पुढची शाळा प्रवेश देताना विचारत नाही. गुणवत्ता यादी नाही, सामायिक प्रवेश परीक्षा नाही. निवड आईवडिलांनी करायची आणि फॉर्म भरायचा.

ऐकायला हे फार मोकळं वाटतं, आणि कायद्याच्या बाजूने ते मोकळं आहेही. पण ज्या घराला शाळांची माहिती आहे ते घर नीट निवडतं, आणि ज्याला नाही ते घर ‘जवळची कुठली?’ एवढ्यावर निवडतं. नोकरीच्या किंवा संशोधनाच्या निमित्ताने इटलीत गेलेली मराठी कुटुंबं बहुतेक वेळा दुसऱ्या गटात सापडतात. म्हणून हे सगळं नीट मांडायला हवं.

पाया असा. तीन ते सहा वर्षं बालशाळा, ती ऐच्छिक. सहाव्या वर्षी प्राथमिक शाळा, पाच वर्षांची. मग तीन वर्षांची माध्यमिक, जिला सगळे ‘स्कुओला मेदिया’ किंवा नुसतं ‘मेदिए’ म्हणतात. मग पाच वर्षांची उच्च माध्यमिक, म्हणजे ‘सुपेरिओरी’. ५ + ३ + ५, एकूण १३ वर्षं. शाळा सक्तीची आहे ६ ते १६ वयापर्यंत, म्हणजे दहा वर्षं. सोळाव्या वर्षी सक्ती संपली तरी अठरा होईपर्यंत किंवा निदान तीन वर्षांची व्यावसायिक पात्रता हाती येईपर्यंत शिक्षणात राहणं हे कर्तव्य मानलं आहे. वर्ग जन्मवर्षावरून ठरतो: ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण करणारी सगळी मुलं त्या सप्टेंबरात पहिलीत. पुढच्या ३० एप्रिलपर्यंत सहा पूर्ण करणाऱ्यांना एक वर्ष आधी घालता येतं, पण तसं करावंच असं नाही. भारतातून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर ‘आमचा मुलगा कितवीत बसणार?’ या प्रश्नाचं उत्तर जन्मतारखेवरूनच निघतं.

मेदियामध्ये सगळी मुलं एकच अभ्यासक्रम शिकतात. आठवड्याला ३० तास: इटालियन, इतिहास, भूगोल मिळून १०, गणित आणि विज्ञान मिळून ६, इंग्रजी ३, दुसरी परकी भाषा २, तंत्रज्ञान, चित्रकला, संगीत, खेळ प्रत्येकी २, धर्माचा १. हे ‘सगळ्यांना एकच’ तिथे फार जुनं नाही. १९६२च्या अखेरच्या कायद्याने ते आलं. त्याआधी पाचवीनंतर, अकराव्या वर्षीच, वाटा फुटायच्या: लॅटिन शिकवणारी शाळा पुढे शिकणाऱ्यांची, आणि ‘आव्हियामेंतो’ नावाची शाळा कामाला लागणाऱ्यांची. दुसरीतून विद्यापीठाकडे रस्ता जवळपास नव्हताच. १९२३मध्ये शिक्षणमंत्री जोव्हान्नी जेंतिले यांनी जी रचना केली तिच्यात विद्यापीठाच्या सगळ्या शाखांचं दार एकट्या लिचेओ क्लास्सिकोला, म्हणजे लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या उच्च माध्यमिक शाळेला, उघडं होतं. १९६९मध्ये कायदा बदलला आणि पाच वर्षांची कुठलीही उच्च माध्यमिक शाळा पूर्ण केली की विद्यापीठ खुलं झालं.

आज हॉटेल व्यवसायाच्या शाळेतून बाहेर पडलेली मुलगी कायद्याने अभियांत्रिकीला अर्ज करू शकते. कोणी अडवत नाही. पण तिच्या पाच वर्षांच्या वेळापत्रकात भौतिकशास्त्र किती होतं, यावर तिचं पहिलं वर्ष कसं जाईल ते ठरतं. ग्यानबाची मेख इथे आहे. शाळेचं नाव, इमारत, ओपन डेला दाखवलेली प्रयोगशाळा, या सगळ्याआधी एक कागद मागून घ्यावा: ‘क्वाद्रो ओरारियो’. विषयवार, वर्षवार तासांचा तक्ता. प्रत्येक शाळेच्या वेबसाइटवर असतो. पुढची वाट त्यात लिहिलेली असते.

उच्च माध्यमिकचे तीन दरवाजे: लिचेओ (सर्वसाधारण, पुस्तकी शिक्षणाचं), तेक्निको (तांत्रिक), प्रोफेस्सियोनाले (व्यावसायिक). निम्म्याहून जास्त मुलं लिचेओत जातात, तीस टक्क्यांच्या आसपास तेक्निकोत, उरलेली प्रोफेस्सियोनालेत. यांखेरीज प्रांतिक सरकारांचे तीन किंवा चार वर्षांचे व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत. त्यांना ‘इए-एफ्फे-पी’ म्हणतात. केशकर्तन, वीजजोडणी, बेकरी, वाहनदुरुस्ती असे ते आहेत. एक मोठा फरक आधीच सांगतो: हे अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर पात्रतापत्र मिळतं, पण तेवढ्यावर विद्यापीठात जाता येत नाही. त्यासाठी पाचव्या वर्षाची जोड आणि शालान्त परीक्षा लागते. ‘इस्तितूतो प्रोफेस्सियोनाले’ आणि हे प्रांतिक अभ्यासक्रम यांची नावं सारखी वाटतात आणि नवखे पालक नेमके इथे चुकतात.

लिचेओ म्हणजे एकच शाळा नव्हे. २०१०च्या फेररचनेनंतर सहा प्रकार झाले: क्लास्सिको, शेंतिफिको (वैज्ञानिक), लिंग्विस्तिको (भाषा), शेंत्से उमाने (मानव्यविद्या), आर्तिस्तिको, आणि संगीत-नृत्याचं लिचेओ. शेवटच्याला प्रवेशासाठी वाद्याची किंवा नृत्याची चाचणी द्यावी लागते, बाकीच्यांना नाही. वैज्ञानिक लिचेओला ‘शेंत्से आप्लिकाते’ (उपयोजित विज्ञान) नावाचा पर्याय आहे, मानव्यविद्येला अर्थशास्त्र-समाजशास्त्राचा. २०२४पासून ‘मेड इन इटली’ नावाचं आणखी एक लिचेओ सुरू झालं आहे.

आता तक्ते जवळून बघू. क्लास्सिकोत पहिली दोन वर्षं आठवड्याला २७ तास, पुढची तीन ३१. त्यात लॅटिन ५, ५, ४, ४, ४ आणि प्राचीन ग्रीक ४, ४, ३, ३, ३. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत २७ पैकी ९ तास, एकतृतीयांश आठवडा, अशा दोन भाषांना जातो ज्या आज कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या पालकांना हे ऐकून धक्का बसतो. पण क्लास्सिकोतून डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ झालेले लोक इटलीत ढिगाने आहेत आणि तिथे त्याला आजही मान आहे. मूळ परिच्छेद, शब्दकोश, वाक्याची फोड, मग भाषांतर: हे काम रोज पाच वर्षं केल्यावर वाचायची जी शिस्त लागते ती खरी आहे. संस्कृत मनापासून शिकलेल्याला हे सांगायला नको. मात्र गणित तिथे कमी आहे: ३, ३, २, २, २.

वैज्ञानिक लिचेओत गणित ५, ५, ४, ४, ४, भौतिकशास्त्र २, २, ३, ३, ३, आणि लॅटिन पाचही वर्षं ३ तास. हो, वैज्ञानिक शाखेतही लॅटिन. मुलगा गणितात हुशार म्हणून शेंतिफिकोत घातला आणि पहिल्याच तिमाहीत लॅटिनमध्ये दहापैकी ४ पडले, हे नेहमीचं दृश्य आहे. लॅटिन नको असेल तर शेंत्से आप्लिकाते: तिथे लॅटिनऐवजी संगणकशास्त्राचे २ तास, आणि जीव-रसायन-भूविज्ञान ३, ४, ५, ५, ५. वैज्ञानिकच्या मूळ शाखेत हेच २, २, ३, ३, ३ आहे. भारतातून उशिरा आलेल्या, इटालियन अजून कच्चं असलेल्या, पण विज्ञानाची ओढ असलेल्या मुलाला हा पर्याय बहुतेक वेळा जास्त मानवतो. इटालियन अजून शिकतोय त्या मुलाने त्याच वेळी इटालियनमधून लॅटिन शिकायचं, हे ओझं दुहेरी आहे.

तेक्निकोबद्दल मराठी घरांत गैरसमज मोठा. ‘टेक्निकल म्हणजे आयटीआय’ असं धरून चालतात. तसं नाही. तेक्निको पाच वर्षांचा आहे, शालान्त परीक्षा तीच, विद्यापीठाचा हक्क तोच. आर्थिक क्षेत्रात दोन शाखा (प्रशासन-वित्त-विपणन आणि पर्यटन) आणि तांत्रिक क्षेत्रात नऊ: यंत्र व मेकॅट्रॉनिक्स, वाहतूक व लॉजिस्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक व दूरसंचार, ग्राफिक्स, रसायन व जैवतंत्रज्ञान, फॅशन, कृषी, बांधकाम. आठवडा ३२ तासांचा. संगणक शाखेचं आजवरचं वेळापत्रक बघा: पहिल्या दोन वर्षांत गणित ४, भौतिकशास्त्र ३, रसायन ३, तांत्रिक रेखाटन ३, तिसऱ्या वर्षापासून संगणकशास्त्र ६, सिस्टीम्स आणि नेटवर्क ४, गणित ३, अधिक तिसऱ्या-चौथ्या वर्षी १ तास पूरक गणित. तत्त्वज्ञान नाही, लॅटिन नाही, कलेचा इतिहास नाही. संगणक अभियंता व्हायचंय असं ठामपणे म्हणणाऱ्या मुलासाठी ही वाट कमी दर्जाची मुळीच नाही. तांत्रिक शाखांच्या फेररचनेचा कायदा २०२२मध्ये झाला आहे, त्यामुळे जुना तक्ता न बघता शाळेचा चालू वर्षाचा तक्ता घ्यावा. बारकावा एवढाच: पुढे भौतिकशास्त्र लागणार असेल तर तिसऱ्या वर्षापासून तो विषय तक्त्यात आहे का, हे बघावं. संगणक शाखेत नव्हता.

प्रोफेस्सियोनालेच्या अकरा शाखा आहेत: हॉटेल व पाककला, यंत्रदेखभाल, आरोग्य व समाजसेवा, शेती, व्यापारसेवा, दंततंत्रज्ञ, चष्मातज्ज्ञ वगैरे. कार्यशाळेचे तास जास्त, सिद्धांत कमी. ज्याला हाताने काम करताना कळतं, त्याच्यासाठी ही चांगली जागा आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा मूल तिथे स्वतःच्या ओढीने न येता ‘इटालियन कच्चं आहे, लिचेओ झेपणार नाही’ या सल्ल्यावर येतं.

त्या सल्ल्याला अधिकृत नाव आहे: ‘कोन्सील्यो ओरिएन्तातीव्हो’. आठवीचे शिक्षक फॉर्म भरण्याआधी प्रत्येक मुलासाठी लेखी शिफारस देतात: लिचेओ, तेक्निको की प्रोफेस्सियोनाले. ती बंधनकारक नाही. पालकांनी वेगळी शाखा भरली तर ती शिफारस आड येत नाही. फक्त जागा कमी पडल्यास काही शाळा प्राधान्य ठरवताना तिचा विचार करतात. पण शिक्षकाचा शब्द म्हणजे निकाल, असं मानून चालणारी आपली घरं तो कागद घेऊन गुमान सही करतात. स्थलांतरितांच्या मुलांवर इटलीत झालेल्या संशोधनातून दिसलं आहे की राष्ट्रीय चाचणीत सारखीच कामगिरी असलेल्या दोन मुलांपैकी परदेशी घरातलं मूल व्यावसायिक शाखेकडे जास्त वळतं. लोंबार्दीतल्या ब्रेशा, क्रेमोना, बेर्गामो भागांतल्या पंजाबी कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीलाही हे नवीन नाही. शिफारस हातात आल्यावर एक प्रश्न नक्की विचारावा: ही मुलाच्या समजेवरून दिली की त्याच्या आजच्या इटालियनवरून? भाषा दोन वर्षांत सुधारते. शाखा पाच वर्षं राहते.

फॉर्म कसा भरायचा? मंत्रालयाचं ‘युनिका’ नावाचं पोर्टल आहे. आत जायला पालकाची डिजिटल ओळख लागते: ‘स्पिद’ किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र. ती आधीच काढून ठेवावी. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांची गाडी हमखास इथे अडते. न जमल्यास शाळेचं कार्यालय फॉर्म भरून देतं, पण वेळ ठरवून जावं लागतं. खिडकी साधारण तीन-चार आठवडे उघडी असते, नेमक्या तारखा दरवर्षी परिपत्रकाने येतात. आधी आल्याला आधी, असा नियम नाही. पहिल्या दिवशी भरला काय नि शेवटच्या, फरक पडत नाही. अर्ज एकच. त्यात पहिल्या पसंतीची शाळा आणि आणखी दोन पर्यायी शाळा. प्रत्येक शाळेचा सांकेतिक क्रमांक असतो आणि एकाच इमारतीत लिचेओ व तेक्निको दोन्ही असले तर क्रमांक वेगळे असतात. चुकीचा क्रमांक टाकला की मूल चुकीच्या शाखेत नोंदलं जातं.

जागा कमी आणि अर्ज जास्त असले तर शाळेची परिषद आधीच जाहीर केलेल्या निकषांनी निवडते: घराचं अंतर, भावंडं त्याच शाळेत आहेत का, पालक त्या भागात काम करतात का. हे निकष शाळेच्या वेबसाइटवर असतात. मिलानसारख्या शहरात नावाजलेल्या लिचेओसाठी हे वाचल्याशिवाय पर्यायी शाळा भरू नये. दुसरा पर्याय म्हणून तितकीच गर्दीची शाळा टाकली तर दोन्हीकडून अर्ज परत येतो आणि मग उरलेल्या जागांत जावं लागतं.

त्याच फॉर्ममध्ये धर्माच्या तासाचा प्रश्न असतो. आठवड्याला एक तास कॅथलिक धर्म शिकवला जातो. घ्यायचा की नाही हे घराने ठरवायचं. ‘नाही’ म्हटलं तर पर्यायी विषय, स्वाध्याय किंवा त्या तासाला शाळेबाहेर राहणं, यांतून निवडायचं. यात कसलीही अडचण नाही आणि यावरून कोणी मुलाकडे वेगळ्या नजरेने बघत नाही.

खर्च कमी आहे. पहिली तीन वर्षं सरकारी शुल्क नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी ठरलेलं शुल्क अगदी थोडं: नोंदणी ६.०४ युरो, हजेरी १५.१३, परीक्षा १२.०९, प्रमाणपत्र १५.१३, आणि कुटुंबाचा उत्पन्न निर्देशांक २०,००० युरोच्या आत असेल तर तेही माफ. शाळा जो ‘कोंत्रिबूतो’ मागते तो ऐच्छिक असतो. त्यातला विम्याचा भाग तेवढा भरावा, बाकी जमेल तसं. खरा खर्च पुस्तकांचा. प्राथमिकमध्ये पुस्तकं मोफत, पुढे विकत घ्यायची. म्हणून जून-जुलैत जुन्या पुस्तकांचे बाजार भरतात.

शाळेतला दिवस आपल्यापेक्षा वेगळा जातो. पाच वर्षं वर्गसोबती बहुतेक तेच असतात. बऱ्याच शाळांत शनिवारीही वर्ग असतात; पाच दिवसांचा आठवडा हवा असेल तर तो आहे का ते आधीच विचारावं. गुण १ ते १० मध्ये, ६ म्हणजे उत्तीर्ण. लेखी चाचणीला ‘व्हेरीफिका’ म्हणतात, पण खरी कसोटी ‘इंतेर्रोगात्स्योने’. शिक्षक नाव पुकारतात, मुलगा टेबलापाशी जातो, आणि दहा-पंधरा मिनिटं सगळ्या वर्गासमोर इतिहासाचा किंवा तत्त्वज्ञानाचा धडा आपल्या शब्दांत मांडतो. शिक्षक मध्ये प्रश्न घालतात: ‘का?’, ‘याचा त्या गोष्टीशी संबंध काय?’ त्याचे गुण लगेच इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत येतात, पालकांना फोनवर दिसतात. आपली मुलं इथे अडखळतात. लेखी पेपरात ८ आणणारी मुलगी तोंडी परीक्षेत ५ वर थांबते, कारण तिला उत्तर माहीत असतं पण सलग बोलायची सवय नसते. यावर उपाय एकच: घरी धडा मोठ्याने सांगायला लावायचा, पुस्तक मिटून, इटालियनमध्ये. पालकांना इटालियन येत नसलं तरी चालतं. ऐकणारा माणूस समोर असणं पुरेसं असतं.

जूनमध्ये वर्गाचे सगळे शिक्षक एकत्र बसून प्रत्येक मुलाचा निकाल ठरवतात. याला ‘स्क्रुतीनियो’ म्हणतात. सगळ्या विषयांत ६ किंवा जास्त आणि वर्तणुकीत ६हून जास्त, तर पुढच्या वर्गात. वर्तणुकीत ६च्या खाली गेलं तर सगळे विषय उत्तम असूनही वर्ष वाया. नेमके ६ पडले तर नागरिकशास्त्राच्या विषयावर लेखी निबंध सादर करावा लागतो. हा नियम २०२४च्या कायद्याचा. हजेरी तीन चतुर्थांश हवी. भारतात लग्नासाठी महिनाभर जायचं ठरवताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

एक-दोन-तीन विषयांत कमी पडले तर निकाल राखून ठेवतात. रोजच्या भाषेत ‘देबितो’ लागला, म्हणजे कर्ज राहिलं. शाळा उन्हाळी वर्ग घेते, आणि पुढचं वर्ष सुरू होण्याआधी त्या विषयाची परीक्षा होते. किती विषयांपर्यंत ही सवलत, हे शाळेची शिक्षकसभा ठरवते. बहुतेक ठिकाणी तीन. त्याहून जास्त झाले तर ‘बोच्चातो’, तेच वर्ष पुन्हा. सर्वांत जास्त मुलं पडतात ती पहिल्या वर्षात, चौदाव्या वर्षी, आणि कारण बुद्धी क्वचितच असतं. चुकीचा तक्ता निवडलेला असतो.

पण चुकलेली वाट बदलता येते, आणि हे फार कमी घरांना माहीत असतं. पहिल्या दोन वर्षांत शाखा बदलणं सोपं, कारण मूळ विषय सारखे असतात. तिसऱ्या वर्षापासून नव्या शाखेतले, पण आधी न शिकलेले विषय परीक्षेने भरून काढावे लागतात. क्लास्सिकोतून शेंतिफिकोत येणाऱ्याला गणित-भौतिकशास्त्राची दरी भरायची. तेक्निकोतून लिचेओत जाणाऱ्याला लॅटिन आणि तत्त्वज्ञान. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच बेत चुकला असं दिसत असेल तर जूनपर्यंत ताणू नये. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना लगेच भेटावं. नव्या शाळेत जागा असणं ही पहिली अट, आणि ती जितक्या लवकर विचारू तितकी चांगली.

एका गोष्टीसाठी या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर वाटतो. अपंग मुलांसाठी वेगळ्या शाळा हा मार्ग इटलीने १९७७च्या कायद्यापासून सोडून दिला. मूल त्याच वर्गात बसतं. त्या वर्गाला सहायक शिक्षक मिळतो, आणि मुलासाठी वैयक्तिक आराखडा बनतो. डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलिया यांसाठी २०१०चा वेगळा कायदा आहे: जादा वेळ, कॅल्क्युलेटर, संकल्पना-नकाशे, तोंडी परीक्षेचा पर्याय, हे सगळं लेखी आराखड्यात येतं आणि शालान्त परीक्षेतही चालतं. त्यासाठी अधिकृत निदानपत्र शाळेत द्यावं लागतं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ते दडवून ठेवणारे पालक मुलाचा हक्काचा आधार काढून घेतात.

तिसऱ्या वर्षापासून कामाच्या ठिकाणचे तासही भरायचे असतात: लिचेओत किमान ९०, तेक्निकोत १५०, प्रोफेस्सियोनालेत २१०, तीन वर्षांत मिळून.

आणि शेवटी ‘मातुरिता’. बरीच वर्षं तिचं अधिकृत नाव नुसतं ‘राज्य परीक्षा’ होतं. २०२५मध्ये मातुरिता हे नाव परत आलं. एकूण १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ६०. त्यातले ४० आधीच शाळेत कमवायचे: तिसऱ्या वर्षाचे कमाल १२, चौथ्याचे १३, पाचव्याचे १५. याला ‘क्रेदिती’ म्हणतात. उरलेले ६० परीक्षेचे: पहिली लेखी २०, दुसरी लेखी २०, तोंडी २०. पहिली लेखी सगळ्या देशाला एकच, इटालियनची, सहा तास, जूनच्या मध्यानंतर सकाळी साडेआठला. सात विषयांतून एक निवडायचा: दोन साहित्यकृतींचं विश्लेषण, तीन उताऱ्यांवर युक्तिवाद, दोन चालू विषय. दुसरी लेखी शाखेच्या मुख्य विषयाची: क्लास्सिकोत लॅटिन किंवा ग्रीक, शेंतिफिकोत गणित. तोंडी परीक्षा २०२६पासून चार विषयांवर, आणि ते विषय मंत्रालय जानेवारीत जाहीर करतं. तोंडीला गप्प बसून आधीच्या गुणांवर पास होण्याची वाटही आता बंद झाली आहे.

हिशोब करून बघू. तीनही वर्षं सरासरी ७ ते ८च्या दरम्यान असलेल्या मुलीला क्रेदिती मिळतात ९-१०, १०-११, ११-१२. म्हणजे कमीत कमी ३०, जास्तीत जास्त ३३. समजा ३० धरले. पहिल्या लेखीत १४, दुसरीत १३, तोंडीत १५, तर एकूण ७२. दुसरीकडे जेमतेम ६ची सरासरी असलेल्याचे क्रेदिती ७ + ८ + ९ = २४; त्याला ६० पैकी ३६ काढावेच लागतात. सरासरीत वर्तणुकीचे गुणही धरतात, हे मुलांना तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावं. मातुरितेला बसलेली जवळजवळ सगळी मुलं पास होतात. गाळणी आधीच्या चार वर्षांत लागलेली असते.

नंतर विद्यापीठ, किंवा ‘इ-त्ति-एस्से अकादमी’: शालान्तनंतरचं दोन वर्षांचं, काही ठिकाणी तीन वर्षांचं, उद्योगांशी बांधलेलं तंत्रशिक्षण. २०२२च्या कायद्याने त्याला नीट चौकट मिळाली. २०२४पासून काही शाळांत चार वर्षं शाळा अधिक दोन वर्षं अकादमी अशी सलग वाटही आहे. महाराष्ट्रातून बारावी करून थेट इटालियन विद्यापीठात जाणाऱ्यांना हा १३ वर्षांचा आकडा घाबरवतो, पण तिथे परदेशी विद्यार्थ्याला किमान १२ वर्षांचं शालेय शिक्षण पुरतं. त्याचं मूल्यांकनपत्र मात्र आधी काढावं लागतं.

कुटुंब वर्षाच्या मध्येच इटलीत पोहोचलं तर? अल्पवयीन मुलाला प्रवेश कधीही मिळतो, फेब्रुवारीतसुद्धा, आणि राहण्याच्या परवान्याचं काम सुरू असतानाही. कागद अपुरे असले तरी शाळा सशर्त नोंदणी करते. बोनाफाइड, मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद आणि जन्मदाखला, हे भारत सोडण्याआधी इटालियनमध्ये भाषांतर करून घ्यावं. वर्ग वयानुसार मिळतो. शिक्षकसभा आधीचा अभ्यास बघून एक वर्ष खाली किंवा वर ठेवू शकते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एक वर्ष खाली ठेवायचं सुचवलं तर लगेच नाही म्हणू नये: मेदियाचं शेवटचं वर्ष तिथे करायला मिळालं तर भाषा रुळते, आठवीची परीक्षा तिथलीच होते, आणि जानेवारीतला तो फॉर्म भरताना मुलाला स्वतःचं मत झालेलं असतं. सोळा ओलांडलेल्यांसाठी ‘चिपिया’ नावाची प्रौढ शिक्षण केंद्रं आहेत. तिथे इटालियनचा ए-दोन (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरची दुसरी) पातळीपर्यंतचा दाखला आणि मेदियाचं प्रमाणपत्र दोन्ही मिळतं. सप्टेंबरमध्ये जागा भरायच्या आत जाऊन नाव घालावं.